फ्लॉवरचा पाला, मटारची टरफले आणि ब्रॉयलर: इंदूरजवळच्या एका शेडचे प्रकरण

पार्श्वभूमी

इंदूर आणि महू यांच्या दरम्यानच्या एका गावात एका मराठी कुटुंबाचे चार हजार पक्ष्यांचे ब्रॉयलर (मांसासाठी वाढवायच्या कोंबड्यांचे) शेड आहे. व्यवहार काका आणि पुतण्या मिळून पाहतात. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील येथे गाळले आहेत. पहिली काही वर्षे हे शेड करारपद्धतीने चालले. त्या पद्धतीत पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनी पुरवते आणि शेतकऱ्याला किलोमागे संगोपन खर्च मिळतो, त्यामुळे खाद्यात स्वतःचे काही मिसळण्याचा प्रश्नच नसतो. पुढे दोघांनी करार सोडला, स्वतः पिल्ले आणायला सुरुवात केली आणि एक हॅमर मिल (खाद्य दळायचे यंत्र) व एक मिक्सर घेऊन खाद्य घरीच बनवू लागले. या प्रकरणातले सगळे निर्णय त्या स्वातंत्र्यातून आले आहेत.

खाद्य घरी बनवायला इंदूरइतकी सोयीची जागा क्वचितच मिळेल. सोयाबीन प्रक्रियेचे हे देशातले मोठे केंद्र आहे, सोयापेंड जवळच मिळते आणि मका माळवा-निमाडातून येतो. तरीही ब्रॉयलरच्या एकूण खर्चात खाद्याचा वाटा साधारण ६५ ते ७० टक्के असतो, आणि मका किंवा पेंड थोडी महागली तरी पूर्ण बॅचचा नफा त्यात जातो. अशाच एका महागाईच्या हिवाळ्यात पुतण्याचे लक्ष इंदूरच्या चोइथराम मंडीतल्या भाजीच्या कचऱ्याकडे गेले. फ्लॉवरचा पाला, कोबीची वरची पाने, मटारची टरफले, मऊ पडलेले टोमॅटो, कोंब आलेले बटाटे असा माल तिथे रोज ढिगाने पडलेला असतो.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. इंदुरात हा कचरा बेवारस नाही. मंडीतच त्यापासून वायू बनवण्याचा प्रकल्प आहे, आणि देवगुराडियाला रोज ५५० टन ओला कचरा हाताळण्याच्या क्षमतेचा बायो-सीएनजी प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. त्यामुळे ‘उचलला आणि नेला’ हा मार्ग इथे बंद आहे. शिवाय ढिगात पडलेल्या कचऱ्यात सुतळी, प्लॅस्टिक आणि खिळे मिसळलेले असतात. कोंबडीच्या खाद्यासाठी माल हवा असेल तर तो ढिगात पडण्यापूर्वी, म्हणजे अडत्याच्या ओट्यावर किंवा शेताच्या बांधावर, वेगळा काढून घ्यावा लागतो. हे पुतण्याच्या लवकर लक्षात आले, आणि मंडीऐवजी त्याने मटार सोलणाऱ्या दोन जागांशी आणि गावातल्याच फ्लॉवर लावणाऱ्यांशी बोलणी केली.

समस्या

पहिल्या प्रयत्नात त्याने ताजा माल दिला. चिरलेला कोबी आणि टोमॅटो तीन आठवड्यांच्या पुढच्या पक्ष्यांना दिवसातून दोनदा टाकला गेला. पक्षी तुटून पडले आणि पाहणाऱ्याला समाधान वाटले. मात्र ताज्या भाजीत ८५ ते ९२ टक्के पाणीच असते. ब्रॉयलरची अन्नपिशवी अशा पाण्याने भरली की तो मिश्र खाद्य तेवढे कमी खातो, आणि त्याची वाढ त्या मिश्र खाद्यावरच अवलंबून असते. आठवडाभरात भांड्यांत खाद्य उरू लागले, विष्ठा पातळ झाली आणि लिटरची, म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या तुसाच्या थराची, पाण्याच्या भांड्यांभोवती पापडी धरू लागली. सकाळी पडदे उघडताच डोळ्यांना अमोनिया झोंबू लागला. ओल्या लिटरमध्ये कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवीचे बीज पिकते, आणि या बॅचलाही रक्ती हगवण लागली. औषधोपचाराने ती आटोक्यात आली, पण विकायच्या दिवशी वजने मागे होती.

या टप्प्यावर दोघांनी माझा सल्ला मागितला. काकांचे मत पक्के होते की हा उद्योग बंद करावा. पुतण्याचे म्हणणे होते, ‘काका, चूक भाजीची नाही, ओलाव्याची आहे; वाळवून देऊन तर पाहू.’ माझ्या मते तोवर प्रश्नच नीट मांडलेला नव्हता. कचरा फुकट मिळतो का, यापेक्षा तो ११ टक्क्यांखालच्या ओलाव्यापर्यंत वाळवून, दळून, तपासून मिक्सरपर्यंत पोहोचल्यावर किलोमागे काय पडतो आणि त्यातले ब्रॉयलरला किती पचते, हे पाहायला हवे होते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय काकांचा, म्हणजे मका-सोयाच्या नेहमीच्या सूत्राकडे परतण्याचा. दुसरा, पाला वाळवून त्याची भुकटी फिनिशर, म्हणजे विक्रीपूर्वीच्या शेवटच्या टप्प्यातल्या, खाद्यात मिसळण्याचा. तिसरा, कचऱ्यावर काळ्या सैनिक माशीच्या अळ्या वाढवून त्या खाऊ घालण्याचा. या अळ्यांच्या कोरड्या वजनात ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात आणि मेदही भरपूर असतो. पोषणाच्या दृष्टीने हा पर्याय सर्वांत आकर्षक होता, पण माळव्याच्या थंडीत माशीचे प्रजनन चालू ठेवायला उबदार बंदिस्त जागा लागते, आणि दोन माणसांच्या मनुष्यबळावर तो एक वेगळाच धंदा झाला असता. तो लगेच बाजूला पडला. चौथा पर्याय, पाला दुसऱ्या कोणाला देऊन टाकण्याचा, तेव्हा कोणीही गांभीर्याने घेतला नाही. तो पुढे येतो.

दुसऱ्या पर्यायाचा हिशेब मी कागदावर करून दाखवला. भारतीय मानकांनुसार ब्रॉयलर फिनिशरमध्ये किलोमागे ३२०० किलोकॅलरी ऊर्जा, २० टक्के प्रथिने आणि जास्तीत जास्त ५ टक्के तंतू अपेक्षित आहेत. फ्लॉवरचा वाळलेला पाला आणि मटारची टरफले यांत प्रथिने २० टक्क्यांच्या आसपास भरतात, म्हणजे मक्याच्या दुपटीहून अधिक, आणि पुतण्याचा उत्साह याच आकड्यावर उभा होता. पण त्यांतला तंतूही ५ टक्क्यांच्या मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त असतो. गाय-म्हैस तो पोटातल्या जंतूंच्या मदतीने पचवते. कोंबडीच्या अंधांत्रात (आतड्याच्या शेवटाकडच्या पिशव्यांत) त्यातले फारच थोडे जमते. म्हणून अशा भुकटीची ऊर्जा ब्रॉयलरसाठी किलोला १५०० किलोकॅलरीच्या आसपास धरणे मला योग्य वाटले. मक्याची ३३०० असते.

आता एक टन खाद्यातून ५० किलो मका काढून तेवढीच भुकटी घातली तर ९०,००० किलोकॅलरी कमी पडतात. ती भरून काढायला सुमारे १६ किलो मक्याच्या जागी तेल घालावे लागते. तेलाचा भाव मक्याच्या साधारण पाचपट धरला, तर या अदलाबदलीचा जादा खर्च ६४ किलो मक्याच्या किमतीइतका होतो आणि वाचतो फक्त ५० किलो मका. उलट बाजूला, जादा प्रथिनांमुळे सोयापेंड थोडी कमी लागते. भुकटीतली प्रथिने मक्याच्या प्रथिनांइतकीच पचतात असे मानले, तर टनामागे सुमारे बारा किलो पेंड आणि थोडे तेल वाचून थोडासा फायदा शिल्लक राहतो. त्यातली निम्मीच पचली तर हिशेब तोट्यात जातो. आणि हे सगळे गोळा करणे, चिरणे, वाळवणे आणि दळणे यांची मजुरी शून्य धरून. शंभर किलो ताज्या मालातून दहा-बारा किलो भुकटी निघते, हे लक्षात घेतले की ती मजुरी किती असेल याची कल्पना येते.

ऊर्जा कमी पडली तर पडू द्यावी, पक्षी थोडे जास्त खाईल, असा विचारही झाला. हे देशी कोंबडीत चालून जाते. ब्रॉयलर मात्र सहा आठवड्यांत विकायचा पक्षी आहे, आणि त्याचा एफसीआर (किलोभर वजनवाढीला लागणारे खाद्य) बिघडला तर वाचवलेला मका जादा खाद्याच्या रूपाने परत भरावा लागतो.

केलेली कृती

हिशेब पाहूनही पुतण्याला प्रत्यक्ष खात्री करून घ्यायची होती, आणि मला ते योग्य वाटले, कारण माझ्या १५०० या आकड्यालाही तपासणीची गरज होती. पूर्ण शेडवर प्रयोग न करता जाळी लावून शंभर-शंभर पक्ष्यांचे तीन कप्पे केले. एकात नेहमीचे फिनिशर, दुसऱ्यात ५ टक्के भुकटी व तेलाची भरपाई, तिसऱ्यात ५ टक्के भुकटी भरपाईशिवाय. दर आठवड्याला प्रत्येक कप्प्यातले तेच वीस पक्षी तोलायचे म्हणून त्यांच्या पायात रंगीत कड्या घातल्या.

काय घ्यायचे नाही याची यादी आधी केली. कांदा आणि लसूण यांची साले व पात नको, कारण कांद्यातली गंधकयुक्त द्रव्ये रक्तातल्या तांबड्या पेशींना घातक ठरू शकतात. हिरवे पडलेले किंवा कोंब फुटलेले बटाटे त्यांतल्या सोलॅनिन या विषारी द्रव्यामुळे नकोत. बुरशी दिसलेले काहीही नको, आणि त्याचा खराब भाग कापून उरलेला घेणेही नको. फ्लॉवरबाबत मला जास्त काळजी होती. त्यावरच्या किडीसाठी वारंवार फवारणी होते, फवारा बाहेरच्या पानांवरच बसतो आणि धुऊन त्यातला काही भागच जातो. त्यामुळे शेवटची फवारणी कधी झाली हे ज्यांना विचारता येईल, अशा गावातल्याच शेतकऱ्यांचा पाला घ्यायचा ठरले. मटारच्या टरफलांबाबत हा प्रश्न तुलनेने सौम्य होता.

वाळवण्याच्या कामात एक गोष्ट अशी निघाली की जी कोणत्याही तक्त्यात सापडत नाही. फ्लॉवरचे पान दोन दिवसांच्या उन्हात कुरकुरीत होते, हातात चुरते, आणि माल तयार झाला असे वाटते. पण मधली जाड शीर वाकवली तर मोडत नाही, वाकते. तिच्यात ओल असते. पहिला घाणा असाच गोण्यांत भरला गेला. चार दिवसांनी गोणीत हात घातला तर आतून ऊब लागली आणि कुबट वास आला. तो सगळा माल खतात गेला. त्यानंतर पाने उभी चिरून शीर दुभंगायची आणि शीर कटकन मोडेपर्यंत गोणी भरायची नाही, असा नियम झाला.

दुसरी अडचण मातीची होती. अंगणात पसरलेल्या पाल्याला धूळ चिकटते. पेलाभर पाण्यात चमचाभर भुकटी ढवळून दहा मिनिटे ठेवली की हिरवा चुरा तरंगतो आणि तळाशी वाळूची रेघ बसते. पहिल्या नमुन्यात ती रेघ चांगली जाड होती. पुढचा माल ताडपत्रीवर आणि जमिनीपासून उंच बांधलेल्या जाळीवर वाळवला. दळलेल्या भुकटीचा नमुना खाद्य प्रयोगशाळेत पाठवून ओलावा, प्रथिने, तंतू, वाळू आणि अफ्लाटॉक्सिन (बुरशीचे विष) तपासून घेतले. अफ्लाटॉक्सिनसाठी २० पीपीबीची (अब्ज भागांत २० भाग) मर्यादा पाळायची आणि अहवाल येईपर्यंत मिक्सर सुरू करायचा नाही, असे ठरले होते. काकांनी ही अट काटेकोरपणे पाळून घेतली, आणि या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे शिस्तीचे काम त्यांचेच होते.

परिणाम

भरपाईशिवायचा कप्पा पहिल्याच आठवड्यापासून मागे पडला. पक्षी जास्त खात होते आणि कमी वाढत होते. शिवाय भुकटी हलकी असल्याने ते चोचीने मका वेचून हिरवा चुरा भांड्यात ठेवत. तेलाची भरपाई केलेला कप्पा नेहमीच्या कप्प्याच्या बरोबरीने चालला, आणि तेलात मळल्यामुळे चुरा वेगळा होण्याचेही कमी झाले. मर दोन्हीकडे सारखीच होती. म्हणजे पाच टक्क्यांपर्यंत ही भुकटी ब्रॉयलरला बाधत नाही, हे दिसले. पण खर्चाची वही मिटवताना नेहमीचा कप्पाच स्वस्त पडला, कारण तेल आणि मजुरी यांनी मक्याची बचत खाऊन टाकली होती.

एक फरक नजरेला दिसत होता. भुकटीच्या कप्प्यातल्या पक्ष्यांचे पाय अधिक पिवळे होते, कारण हिरव्या पाल्यातली रंगद्रव्ये चरबीत आणि कातडीत उतरतात. जिवंत पक्षी घेणारे व्यापारी पायांचा रंग पाहतात, म्हणून भाव जास्त मिळेल अशी आशा होती. व्यापाऱ्याने रंगाचे कौतुक केले आणि भाव तोच दिला. दुकानात बहुतेक माल कातडी काढूनच विकला जातो, तेव्हा त्याचेही बरोबर होते.

येथे निर्णयाची खरी वेळ आली. प्रयोग ‘यशस्वी’ म्हणून चालू ठेवणे सोपे होते, कारण पक्षी निरोगी होते आणि केलेल्या मेहनतीचा अभिमानही होता. पुतण्याने वही पाहून पाल्याचा ब्रॉयलरसाठीचा वापर थांबवला, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

पाला मात्र वाया गेला नाही. शेजारी म्हशी पाळणारे एक गृहस्थ आहेत आणि त्यांचा स्वतःचा मकाही होतो. फ्लॉवरचा ताजा पाला आणि टरफले त्यांना द्यायची व खरिपात त्याच्या मोबदल्यात मका घ्यायचा, असा सौदा ठरला. वाळवणे नाही, दळणे नाही, आणि तंतू ज्या जनावराला पचतो त्याच्याच पोटात जातो. पाल्यात नायट्रेट असू शकते म्हणून म्हशींनाही तो एकदम पोटभर न देता कडब्याबरोबर थोडा थोडा द्यावा, एवढे मी सांगितले. सुरुवातीला बाजूला ठेवलेला चौथा पर्याय तो हाच.

दरम्यान पुतण्याच्या हाती दुसरी वस्तू लागली. इंदूरच्या आसपास हिवाळा संपताना बटाट्याचे चिप्स उकडून उन्हात वाळवण्याचे छोटे कारखाने चालतात, आणि त्यांतून तुटका, डागी, पण कोरडा माल निघतो. बटाट्याचा कच्चा स्टार्च कोंबडीला नीट पचत नाही. हा माल उकडलेला असल्याने ती अडचण सुटलेली असते, वाळवण्याचा खर्च दुसऱ्याने केलेला असतो, आणि ऊर्जा व प्रथिने दोन्ही मक्याच्या जवळपास असल्यामुळे सूत्रात तो मक्याच्या जागी जवळजवळ जसाच्या तसा बसतो. त्याच तीन कप्प्यांच्या पद्धतीने तो तपासला आणि दहा टक्क्यांपर्यंत वजनात फरक आढळला नाही. त्यापुढे बटाट्यातल्या पोटॅशियममुळे पक्षी पाणी जास्त पितात आणि लिटर ओले होते, म्हणून मर्यादा दहावरच ठेवली. काही कारखाने चिप्सना मीठ लावतात, काही पांढरेपणासाठी सल्फाइट वापरतात, आणि सल्फाइट थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) नष्ट करते. म्हणून माल घेण्यापूर्वी काय वापरले ते विचारायचे, खारट माल असेल तर सूत्रातले मीठ त्या प्रमाणात कमी करायचे आणि सल्फाइटचा माल घ्यायचाच नाही, असे ठरले.

वेगळे काय करता आले असते

कागदावरचा हिशेब ताजा कोबी शेडमध्ये जाण्याच्या आधी व्हायला हवा होता. त्याला एक संध्याकाळ आणि मका, पेंड, तेल यांचे त्या दिवशीचे भाव एवढेच लागते. तो झाला असता तर एका बॅचची हगवण टळली असती. मात्र कप्प्यांचा प्रयोग त्यामुळे अनावश्यक ठरला असता असे मला वाटत नाही. त्यातून तोलण्याची सवय लागली, आणि तिच्यामुळेच चिप्सचा निर्णय काही आठवड्यांत, भांडण न होता घेता आला.

पक्ष्याची निवडही पुन्हा तपासता आली असती. झाबुआ जिल्हा इथून जवळ आहे, आणि तिथल्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. हळू वाढणाऱ्या, फिरून खाणाऱ्या अशा पक्ष्याला कमी ऊर्जेचे खाद्य आणि टांगलेला ताजा पाला सोसतो, आणि त्याच्या मांसाला भावही जास्त मिळतो. ज्यांच्याकडे भाजीचा कचरा मुबलक आहे आणि मजूर घरचेच आहेत, त्यांनी ब्रॉयलरऐवजी तिकडे पाहणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. या कुटुंबाने ते केले नाही, कारण त्यांची विक्रीची साखळी पूर्णपणे ब्रॉयलरची आहे.

पावसाळ्याचा प्रश्न त्यांनी सोडवलेला नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत काहीही उन्हात वाळत नाही, आणि साठवलेले चिप्सही हवेतली ओल पटकन शोषतात. म्हणून तो माल मेअखेर संपवायचा आणि पावसाळी बॅच निव्वळ मका-सोयावर काढायची, अशी सध्याची व्यवस्था आहे. माझ्या मते ती बरोबर आहे. बुरशीचा धोका पत्करून वाचणारे पैसे एका वाईट बॅचमध्ये निघून जातात.

सध्या चर्चा भावाची चालू आहे. पहिल्या हंगामात फुकट मिळालेल्या तुटक्या चिप्सना कारखानदार आता पैसे मागतात. निवडणे, दळणे, वाहतूक आणि तपासणी यांचा खर्च वजा जाता मक्याच्या भावाच्या सत्तर टक्क्यांपेक्षा जास्त द्यायचे नाही, अशी मर्यादा काका आणि पुतण्या यांनी ठरवली आहे. त्याहून जास्त मागणी झाली तर मकाच घ्यायचा, यावर दोघांचे एकमत आहे.